मंगळागौरीला कोणते खेळ?

नवविवाहितेने लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजायची आणि रात्र जागवायची, ही मूळ रीत. जागरणात डोळा लागू नये म्हणून खेळ. आता बहुतेक ठिकाणी हे खेळ संध्याकाळी हॉलमध्ये होतात आणि सरावलेल्या बायकांचा संच मानधन देऊन बोलावता येतो.

संच जरूर बोलवा. सूप नाचवणं, तवा फुगडी, गाठोडं हे पाहण्यासारखेच असतात. पण अख्खा वेळ त्यांना देऊ नका. पाहुण्या खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करत राहिल्या, तर ती मंगळागौर कसली? अर्धा वेळ घरच्यांचा हवा. आधी ठरवून घ्या, म्हणजे संचातल्या बायकाच एकेकीला हाताला धरून रिंगणात ओढतात.

सुरुवात झिम्म्याने करावी. तो टाळ्यांचा खेळ, सत्तरीच्या आजीलाही जमतो, आणि अंग मोकळं होतं. पिंगाही सोपा. फुगडीला मात्र जोडी सारख्या वजनाची हवी, हातांची पकड घट्ट हवी. बसफुगडीत सगळा भार गुडघ्यांवर येतो, ती तरुण मुलींनाच खेळू द्या. दमल्यावर सासू-सुनेच्या लटक्या भांडणाचा खेळ घ्यावा. बसल्या जागी हसू पिकतं.

गुळगुळीत फरशीवर पायमोजे नकोत, सतरंजीही नको, ती सरकते. नऊवारीचा काचा घट्ट असू द्या. आणि भाजणीचे वडे, मटकीची उसळ खेळ संपल्यावरच वाढा.