आडमार्गावरची रात्रगाडी : धावते कमी, थांबते जास्त

डहाणू ते नाशिक या रेल्वेमार्गाची मागणी जुनीच आहे. सुमारे १०० किलोमीटरच्या या मार्गाच्या अंतिम स्थान सर्वेक्षणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि आजवर रेल्वेचा रूळ न पाहिलेल्या जव्हार-मोखाड्यात पुन्हा एकदा आशा पालवली. रूळ आले की मुंबईची थेट गाडी येईल, रात्री बसावे आणि पहाटे उतरावे, अशी स्वप्ने अशा वेळी रंगू लागतात. परंतु मुख्य मार्गापासून दूर, एकेरी फाट्यावर शयनयान गाडी चालविणे हे रूळ टाकण्याइतकेच अवघड काम आहे. त्याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे आणि तो लातूरचा आहे.

कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. शतकभरानंतर हा मार्ग रुंद झाला, तेव्हा लातूरला मुंबईची रात्रीची गाडी मिळाली. रात्री निघून सकाळी पोहोचविणारी ही गाडी लवकरच लोकप्रिय झाली. पण हेच सोयीचे वेळापत्रक रेल्वेच्या हिशेबात खुपते. सकाळी सात-आठ वाजता पोहोचलेली गाडी परत रात्रीच निघणार. मधले बारा-चौदा तास डबे निव्वळ उभे! एक गाडी रोज दोन्ही बाजूंनी सोडायची, तर डब्यांचे दोन संच लागतात, आणि दोन्ही संच दिवसभर जागा अडवून बसतात. कोट्यवधी रुपयांची मालमत्ता अशी निजलेली पाहून कोणत्याही नियोजकाला ती पुढे पळविण्याचा मोह होतो.

तसेच झाले. २०१७ मध्ये ही गाडी पुढे बीदरपर्यंत नेण्यात आली आणि लातूरकर रस्त्यावर उतरले. त्यांची तक्रार रास्त होती. जी गाडी लातूरहून रिकामी सुटत असे, ती आता बीदरहून भरून येऊ लागली. आरक्षणाच्या जागांची वाटणी झाली आणि सर्वसाधारण डब्यात बसायलाही जागा मिळेना. अखेर चार दिवस लातूर, तीन दिवस बीदर अशी तडजोड करावी लागली. बीदरकरांनाही मुंबई हवीच होती, हे त्या गदारोळात फारसे कोणी ऐकले नाही.

गाडी उभी करायची म्हणजे तरी काय? बावीस डब्यांची गाडी अर्धा किलोमीटरहून लांब असते. तेवढा फलाट हवा आणि फलाट मोकळा करण्यासाठी तेवढाच आणखी एक रूळ हवा. डब्यांच्या खालून तपासणी करायची तर खड्ड्याची मार्गिका हवी, चादरी-उशांची सोय हवी, चालक व गार्ड यांच्यासाठी विश्रांतिगृह हवे. शिवाय पाणी. एका डब्याच्या टाक्यांत दीड हजार लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे एका गाडीला तीसेक हजार लिटर. धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मोखाड्यात हे पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न गमतीचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये खुद्द लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

रात्रीचा आणखी एक खर्च प्रवाशाला दिसत नाही. वाहतूक तुरळक असलेल्या फाट्यांवर रात्री स्थानके बंद ठेवून मनुष्यबळ वाचविता येते. एका रात्रगाडीसाठी मात्र वाटेतले प्रत्येक क्रॉसिंग स्थानक, तेथील स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन, प्रत्येक फाटक जागे ठेवावे लागते. एकेरी मार्गावर समोरची गाडी उशिरा आली की हिलाही थांबावे लागते. जंक्शनवरची ठरलेली वेळ एकदा हुकली, की मुख्य मार्गावरील गाड्यांच्या रांगेत ती मागे पडते. पूर्वी यावर जोड डब्यांचा उपाय असे. मुख्य गाडीचे काही डबे जंक्शनवर तोडून फाट्यावरच्या गाडीला जोडायचे. शिर्डीचे डबे असेच दौंडला वेगळे होत. पण त्यासाठी शंटिंगचे इंजिन, माणसे आणि वेळ लागतो. म्हणून ही पद्धत रेल्वेने हळूहळू मोडीत काढली.

जव्हारच्या बाबतीत यात घाटाची भर पडते. डहाणू समुद्रकाठी, जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आणि त्र्यंबकेश्वर सातशे मीटरच्याही वर. शेजारच्या कसारा घाटात ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे आणि तेथे गाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. दोन्ही टोकांना इंजिने लावलेली राजधानी २०१९ पासून आणि शिर्डीची वंदे भारत २०२३ पासून हा घाट बँकरविना चढते खरी. पण ते तंत्र आडमार्गाच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पावसाळ्यात दरडींचे भय वेगळेच. कोकण रेल्वेला त्यासाठी दरवर्षी वेग कमी करून स्वतंत्र वेळापत्रक लावावे लागते.

मुळात रस्त्याने मुंबई ते जव्हार अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या प्रवासात झोप पुरी होत नाही! येथून शयनयान गाडी गेलीच, तर ती गुजरातहून नाशिक-मराठवाड्याकडे जाणारी असेल आणि मध्यरात्री दोन मिनिटे थांबेल. भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडी, नाशिककडे निघणाऱ्या कुटुंबांना, पोरेबाळे आणि भांडीकुंडी घेऊन चढायचे असते. त्यांना आरक्षित बर्थचा काय उपयोग? त्यांना हवी आहे ती प्रत्येक स्थानकावर थांबणारी, बिनआरक्षणाची, सकाळ-संध्याकाळची मेमू. तिला दोन्ही टोकांना चालककक्ष असल्याने इंजिन फिरवावे लागत नाही, आणि आठ डब्यांची असली तरी चालते. सर्वेक्षणात प्रवासी मोजताना ही माणसे मोजली गेली, तर फलाटांची लांबी, स्थानकांच्या जागा आणि क्रॉसिंगची ठिकाणे सगळेच निराळे ठरेल.