कोंबडीला विचारून पाहिलं, तर…

खुराडं असलेल्या घरात अंडं शोधावं लागतं. अंगणभर दाणे टिपत हिंडणारी कोंबडी वेळ आली की बेचैन होते, घरात शिरते आणि कणगीमागचा, सरपणातला किंवा जुन्या पाटीतला आडोसा धरते. ही तिची खोड नव्हे. अंडाशयातून बलक सुटतो, तेव्हाच शरीरात संप्रेरकांचं चक्र सुरू होतं आणि सुमारे चोवीस तासांनी, अंडं घालण्याच्या जरा आधी, तिला घरट्याची ओढ लागते. आडोसा मिळो न मिळो, ओढ लागतेच.

आपण दुकानातून आणतो ती बहुतेक अंडी मात्र तारेच्या पिंजऱ्यातली असतात. तिथे एका कोंबडीच्या वाट्याला अनेकदा साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा येते. ए-फोर आकाराचा कागदसुद्धा याहून मोठा, ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. मेरियन डॉकिन्स आणि सिल्व्हिया हार्डी या संशोधकांनी १९८९ साली कोंबड्यांच्या हालचालींना लागणारी जागा मोजली. जागच्या जागी वळायलाच किमान ७७१ चौरस सेंटीमीटर लागत होते. पंख फडफडवायला त्याहून बरेच जास्त.

पण कोंबडीला काय हवं, हे माणसाने ठरवायचं कसं? ब्रिटनमध्ये १९६५ साली पाळीव जनावरांच्या हिताचा विचार करणाऱ्या ब्रॅम्बेल समितीने पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षटकोनी जाळी नको, जाड तार वापरा, असं सुचवलं. हेतू दयेचाच होता. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांपुढे वेगवेगळ्या जाळ्या ठेवल्या, तर त्यांनी पसंत केली ती बारीक जाळीच! तिच्यावर पावलाला जास्त ठिकाणी आधार मिळत होता. तेव्हापासून प्राणिकल्याणाच्या शास्त्राने एक धडा गिरवला: नुसत्या कळवळ्याने भागत नाही, जनावरालाच विचारावं लागतं.

विचारण्याची एक रीत अशी की, हवी ती गोष्ट जड दारापलीकडे ठेवायची आणि कोंबडी किती जोर लावते ते पाहायचं. अंडं घालायची वेळ जवळ आली, की चार तास उपाशी राहिलेली कोंबडी दाण्यासाठी जेवढा जोर लावते, निदान तेवढाच ती घरट्यासाठी लावते, असं कूपर आणि ॲपलबी या संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं. धुळीचीही तिला ओढ असते. धुळीत लोळून ती पिसांवरचं शिळं तेल काढून टाकते. पिंजऱ्यात धूळ नसली, तरी ती उघड्या तारेवर बसून तशाच हालचाली करत राहते.

युरोपीय संघाने असे पुरावे ऐकले. १९९९ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०१२ पासून घरटं, दांडी काहीच नसलेले पिंजरे तिथे बंद झाले. तिथल्या अंड्यावर आकडा छापलेला असतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्यावरचं, २ बंदिस्त पण पिंजऱ्याविना, ३ पिंजऱ्यातलं. अर्थात पिंजरा काढला की सगळं साधलं असं नाही. मोठ्या कळपात कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, रोग पसरतात; तिथे राखणारा जाणकारच लागतो.

आपल्याकडच्या अंड्यावर असा आकडा नसतो, म्हणून आपण रंगावर जातो. तपकिरी कवच म्हणजे गावरान, हा समज चुकीचा आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बलकाचा रंग तिच्या खाद्यावर. तपकिरी अंडं पिंजऱ्यातलंही असू शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानदाराला भावाबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: या कोंबड्या मोकळ्या असतात का, त्यांना घरटं आणि माती मिळते का? ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेत असाल, तर एकदा त्याचं खुराडं बघून या. चार पैसे जास्त पडले तर आठवड्याला दोन अंडी कमी खा, पण नीट राखलेल्या कोंबडीची खा. तिने तिचं उत्तर दिलेलं आहे. आता ते ऐकणं आपल्या हातात आहे.