बारा मुली आणि एक फुटकी फरशी

गॅदरिंगचे दिवस होते. अमरावतीतल्या एका सभागृहात माझ्या बारा विद्यार्थिनी कथकचा तीनतालातला एक तुकडा करत होत्या. सहा महिने घोटलेला. चक्कर झाले, डावीकडची दोन पावलं झाली, आता तिहाई उचलायची. नेमक्या त्या जागी बाराही जणींनी माना खाली घालून डाव्या बाजूच्या जमिनीकडे पाहिलं. अगदी लयीत. पुढच्या मात्रेला माना वर, तिहाई, सम, टाळ्या. विंगेत उभ्या असलेल्या मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसलं ते दुसऱ्या रांगेतल्या एका आजीला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला गाठलं. ‘‘मॅडम, साऱ्या पोट्ट्या मधातच खाली काय पाहून राह्यल्या होत्या? काही सांडलं होतं काय?’’

मी हसून वेळ मारून नेली. रात्री एका पालकांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. आजी बरोबर होत्या. सोमवारी वर्गाच्या खोलीत एकटीच तो तुकडा करून बघितला आणि तिहाईच्या आधी माझीही मान खाली गेली. खोली भाड्याची, जमीन शहाबादी फरशीची. डावीकडची एक फरशी फुटून तिचा कोपरा वर आला होता. तुकडा शिकवायला घेतला तेव्हा मी रोज ‘तिथे जपून’ म्हणत होते आणि स्वतःही तिथे बघून पाय टाकत होते. गंमत म्हणजे ती फरशी दिवाळीच्या आधीच घरमालकांनी सिमेंट भरून सारखी केली होती. बारातल्या तिघी तर त्यानंतर वर्गात आलेल्या. त्यांनी फुटकी फरशी कधी पाहिलीच नव्हती, पण नजर मात्र चोख उचलली होती. घराणी अशीही तयार होत असतील.

या अंकासाठी वऱ्हाडातल्या नृत्यशिक्षणाचा आढावा लिहायला बसले, तेव्हा पहिल्यांदा ही फरशीच आठवली. अमरावती-अकोल्यात क्लास किती, विद्यार्थी किती, हा हिशेब मी मांडणार नाही. शिकवणारी माणसं शिकवायला कशी शिकतात, एवढंच मला पाहायचं आहे.

आमच्यातल्या बहुतेकींची गोष्ट सारखीच आहे. लहानपणी एका ताईंकडे नाच सुरू केला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा दिल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरात कोंडलेली विद्या बाहेर काढून तिला अभ्यासक्रम आणि इयत्ता देण्याचं ते मोठं काम होतं. त्याचीच फांदी पुढे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली, म्हणून तर वऱ्हाडातल्या एका मध्यमवर्गीय घरातली मुलगी कथक शिकू शकली. पण विशारदचं प्रमाणपत्र म्हणजे नाचता येतं याचा दाखला. ते हातात पडलं की पुढच्या महिन्यात दारावर पाटी लागते आणि समोर पंधरा मुली उभ्या राहतात. त्यांना काय करायचं? आपल्याला जसं शिकवलं तसंच शिकवायचं. माझ्या ताई चुकलं की काठी जमिनीवर आपटायच्या. मीही पहिली चार वर्षं आपटत होते. का, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले, तेव्हापासून वर्गाची चालच बदलली. पालक फी विचारण्याआधी विचारतात, ‘‘दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?’’ मूल पाचवीत येतं, दहावीचा फॉर्म भरून झाला की जातं. या गुणांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे वर्ग भरतात आणि खोलीचं भाडं निघतं. पण शिकवणारीही त्याच घाईत सापडते. या सत्राची परीक्षा झाली की पुढच्या सत्राचे तोडे. काय चुकलं ते बघायला थांबायचं कधी?

शाळेच्या शिक्षकांचं बरं असतं, असं मला पूर्वी वाटायचं. बी.एड.ला त्यांना सराव पाठ घ्यावे लागतात. आधी पाठाचं टाचण काढायचं, मागच्या बाकावर निरीक्षक बसणार, नंतर वहीत शेरा. अमरावतीत तर हे आमच्या अगदी उशाशी आहे. १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तिथले शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी लेझीम शिकवायला उभे राहतात तेव्हा हुकूम कोणत्या क्षणी दिला, मुलं कुठे गोंधळली, हे बघणारं कोणीतरी असतं. लेझीम शिकवणाऱ्याला निरीक्षक आणि तत्कार शिकवणारीला आरसा. तोही तिच्या पाठीमागे, कारण ती मुलींकडे तोंड करून उभी असते.

फरशीच्या प्रकरणानंतर मी एक वही केली. साधी, दोनशे पानी. रविवारी माझा वर्ग अकोल्यात असतो; परतीच्या एसटीत मूर्तिजापूर ते बडनेरा या टप्प्यात मी ती लिहिते. २०२२च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. देशाला त्याचं काय कौतुक वाटलं असेल ते असो, माझ्या वहीतलं अक्षर त्या महिन्यापासून लागायला लागलं. त्याआधीची पानं मलाच वाचता येत नाहीत.

वहीत फार थोर काही नाही. एका मे महिन्यातली नोंद: ‘अकोला. सकाळी साडेसहालाही कूलर लावावा लागला. आज साऱ्या मुली पढंत ओरडून करत होत्या. मी तिघींना रागावले. मग लक्षात आलं, कूलरच्या आवाजावर मीच ओरडून बोल सांगत होते. त्यांनी बोलाबरोबर ओरडणंही घेतलं.’ दुसरी नोंद: ‘मोठ्या मुलीला कोपऱ्यात बसवून मोजायला सांगितलं. चाळीस मिनिटांत मी ३१ वेळा “नाही” म्हणाले, “हो” चार वेळा.’ हे आकडे वाचून मी आठवडाभर स्वतःवर रुसले होते. तिसरी नोंद माझी आवडती. तिहाई म्हणजे काय ते मी फळ्यावर मात्रा मांडून तीनदा समजावलं, तरी एक सहावीतली मुलगी दर वेळी समेच्या एक मात्रा आधी संपवत होती. पाणी प्यायच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीनं तिला सांगितलं, ‘‘अगं, तेच तीनदा म्हणायचं, पण तिसऱ्यांदा दार लागलं पाहिजे. तुझं उघडंच राहते.’’ सुट्टीनंतर त्या मुलीची तिहाई समेवर आली. तेव्हापासून मी तिहाई दारानंच शिकवते. मात्रांचा हिशेब नंतर येतो.

या वहीला परदेशात शास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकानं १९८३ साली ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ हे पुस्तक लिहिलं. वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ असे जाणते लोक पुस्तकातला नियम लावून काम करत नाहीत, समोरचं काम काय सांगतंय ते ऐकत हात बदलत जातात, असं त्याचं म्हणणं. करता करता केलेला विचार आणि करून झाल्यावर केलेला विचार, असे दोन भाग तो पाडतो. पहिल्यासाठी त्याने जॅझ वाजवणाऱ्यांचा दाखला दिला आहे. आपल्याकडे तबलजी आणि नर्तकीचा सवाल-जवाब पाहिलेल्याला तो वेगळा समजवावा लागत नाही. मंचावर आम्ही पहिला विचार उत्तम करतो. दुसऱ्याची मात्र सवय नाही, कारण तो करायला नाच थांबवून खाली बसावं लागतं.

शास्त्राचं नाव नसताना हे करणारी माणसं आपल्याकडे होतीच. लग्नानंतरची काही वर्षं अमरावतीत काढलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करायला गेल्या आणि आपल्या बालशिक्षणाचा पाया तिथे पडला. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मध्ये नव्या उमेदीचा शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या तयारीनं मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि वर्गाचा पार बाजार होतो. तो मुलांना सोडून देतो, रात्री कुठे चुकलं ते शोधतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. सगळं पुस्तक त्या फसलेल्या पहिल्या दिवसावर उभं आहे. पहिला दिवस यशस्वी दाखवला असता तर ते कोणी इतकी वर्षं वाचलं असतं, असं मला वाटत नाही.

नाचात हे नाव रोहिणी भाटे यांचं. १९४७ साली त्यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तेव्हा तिथे कथकचं वातावरण नव्हतं. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर हे त्यांचे गुरू, पण दोघेही पुण्याबाहेरचे. गुरू नसतानाच्या काळात काय केलं असेल? ‘माझी नृत्यसाधना’ वाचताना जाणवतं की त्या स्वतःला सतत प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं लिहूनही ठेवत होत्या. आम्हा वऱ्हाडातल्या शिक्षिकांना त्यांचं हे अंग जास्त कामाचं आहे. आमचेही गुरू पुण्या-मुंबईला, फार तर नागपूरला. वर्षातून एखादी कार्यशाळा होते, तीही पदरमोड करून.

गुरूशिवाय शिकण्याचा विषय निघाला की मग भुलाबाई आठवते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायच्या. ताल शिकवायला तिथे कोणी ताई नव्हती. मेळघाटातल्या कोरकूंचा गदली-सुसुन नाच बघतानाही मला हेच वाटतं. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तो मंचावर सरळ रांगेत उभा करतात, तेव्हा त्यातलं काहीतरी सुटतं. आमच्या वर्गातला आरसा आणि काठी तिथे नसते. शेजारणीचा पाय असतो. मी नवीन मुलीला आता पहिल्या रांगेत, माझ्यासमोर उभी करत नाही. दोन मुरलेल्या मुलींच्या मध्ये सोडते. महिनाभर चुकू देते.

टाळेबंदीत वेगळीच फजिती झाली. पहिली लाट ओसरली म्हणेस्तोवर २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावतीत पुन्हा टाळं लागलं, राज्याच्या आधी. मोबाइलच्या चौकटीत मुलींचे पाय दिसेनात आणि तबला अर्धी मात्रा उशिरा पोचायचा, म्हणजे तत्काराचं काम खलास. चिडून मी भावाभिनयाकडे वळले. आणि नऊ वर्षं माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. ती सुंदर अभिनय करत होती. बहुधा आधीपासूनच करत असणार. मी तिच्या टाचांकडे पाहत होते.

वहीनं सगळं सुटतं असंही नाही. मी अजून ‘नाही’ फार म्हणते. लिहिणारीही मीच आणि वाचणारीही मीच, त्यामुळे पुष्कळदा वहीत स्वतःला माफ करून टाकते. फरशी मला वहीतून कळली नव्हती, ती आजींनी दाखवली. बाहेरचा डोळा हवाच. आणि आमच्यात तोच नाही. एका शहरातल्या दोन क्लासच्या ताई एकमेकींच्या वर्गात पाऊल टाकत नाहीत; विद्यार्थिनी फोडायला आली असं वाटेल म्हणून. स्पर्धेत परीक्षक म्हणून भेटतो, तेव्हा हार-तुरे होतात. माझा अमुक तुकडा सहा महिने फसतोय, जरा बघ, असं कोणी कोणाला म्हणत नाही.

म्हणून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पाचही जिल्ह्यांतल्या नृत्यशिक्षिकांना आणि शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. वर्षातून एक दिवस जमू या. मंच नको, पाहुणे नकोत, सत्कार तर नकोच. प्रत्येकीनं आपला फसलेला एक धडा आणावा, चार मुली आणाव्यात आणि बाकीच्यांनी मागे बसून बघावं. कोजागिरीनंतरचा कोणताही दिवस चालेल, रविवार सोडून. रविवारी माझा अकोल्याला वर्ग असतो.