जुन्या डीझेल मालमोटारींचे पुरवठा पंप व पूर्वगाळणी : निवडीचा विचार

डीझेलवर चालणाऱ्या मालमोटारीच्या संदर्भात ‘पंप’ ह्या एकाच शब्दाने निदान तीन भिन्न वस्तूंचा निर्देश होतो. महाराष्ट्रात ‘डीझेल पंप’ म्हटले म्हणजे सामान्य मनुष्यास रस्त्याकडेचे तेल भरण्याचे ठिकाण आठवते. मेस्त्री तोच शब्द एंजिनाच्या कुशीस बसविलेल्या आणि सिलिंडरांत उच्च दाबाने इंधन सोडणाऱ्या यंत्रास लावतो. टाकीतून तेल ओढून त्या यंत्रापर्यंत पोचविणाऱ्या लहान पंपास तो ‘फीड पंप’ म्हणतो. अमेरिकेत ह्याच लहान पंपास ‘लिफ्ट पंप’ म्हणतात, तर तेथील कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत त्याचे नाव ‘ट्रान्स्फर पंप’ असे आढळते. ‘सप्लाय पंप’ हे नाव वरकरणी ह्या तिन्हींचा पर्याय भासते. परंतु डेन्सो ह्या जपानी कारखान्याच्या परिभाषेत सप्लाय पंप म्हणजे उच्च दाबाचा पंप होय. अर्थाची ही संदिग्धता कोशकारास मौजेची वाटेल. ट्रकमालकास मात्र ती महाग पडते. कारण लहान पंपाच्या दोषामुळे मोठा पंप निकामी होतो, आणि मोठ्याची किंमत लहानाच्या कितीतरी पट असते.

प्रस्तुत लेखात मोठ्या यंत्रास ‘अंतःक्षेपण पंप’, लहानास ‘पुरवठा पंप’ आणि टाकी व पुरवठा पंप ह्यांच्यामध्ये बसविलेल्या गाळणीस ‘पूर्वगाळणी’ असे म्हटले आहे. शेवटच्या संज्ञेविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. बॉशच्या परवान्याने बंगलोरच्या मायको कारखान्यात बनलेल्या जुन्या धाटणीच्या इंधनव्यवस्थेत दोन गाळण्या शेजारी शेजारी असतात, व त्यांपैकी पहिलीस ‘प्रायमरी फिल्टर’ म्हणतात. परंतु ह्या दोन्ही गाळण्या पुरवठा पंपाच्या पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूस असतात. पंपाच्या मागे, शोषणाच्या बाजूस, केवळ एक वाटी व तारेची जाळी असते. नावावर विसंबून ‘प्रायमरी’ गाळणी जर कोणी पंपाच्या मागे बसविली, तर व्यवस्था सुधारण्याऐवजी बिघडण्याचाच संभव अधिक. ह्याचे कारण पुढे येईल.

उदाहरणादाखल कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे बी-श्रेणीचे एंजिन घेणे सोयीचे आहे. १९८९ च्या मॉडेलपासून ते अमेरिकेत डॉज मालमोटारींत बसू लागले. भारतात टाटा कमिन्स ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या जमशेदपूरच्या कारखान्यातील ह्याच श्रेणीची एंजिने टाटांच्या मालमोटारींत आली. तेव्हा हा विषय येथील रस्त्यांस अगदीच परका नव्हे. ह्या उदाहरणाची खरी सोय अशी की, एंजिनाचा गाभा तोच राहून तेरा-चौदा वर्षांत त्यावर तीन प्रकारचे अंतःक्षेपण पंप आले व प्रत्येकाची पुरवठा पंपाकडून असलेली अपेक्षा वेगळी होती.

१९८९ ते १९९३ पर्यंत बॉशचा व्हीई हा फिरता पंप होता. त्याच्या पोटातच पात्यांचा एक लहान पंप असतो व तो आपला अंतर्गत दाब स्वतः निर्माण करतो. बाहेरून त्यास मुबलक तेल व अल्प दाब एवढेच हवे असते. एंजिनाच्या कॅमदंडावर चालणारा पडद्याचा साधा पंप हे काम करीत असे. येथे जास्त दाबाचा पंप बसविण्यात लाभ नाही, उलट धोका आहे. आवरणातील दाब वाढला की दंडाजवळील सील गळू लागते आणि डीझेल एंजिनाच्या ऑइलमध्ये उतरून बेअरिंगांचे वंगण पातळ करते.

१९९४ ते १९९८ पर्यंतच्या पी ७१०० ह्या ओळीच्या पंपाची गोष्ट निराळी आहे. त्याचा कॅमदंड एंजिनाच्या ऑइलने वंगित होतो. परंतु त्याच्या सहा दट्ट्यांभोवतीची पोकळी पुरेशा दाबाने भरलेली नसेल तर प्रत्येक ठोक्यास दट्ट्या अर्धपोटी राहतो व एंजिनाची शक्ती घटते. येथे दट्ट्याचा यांत्रिक पुरवठा पंप असून मोकळ्या गतीस दर चौरस इंचास सतरा ते बावीस पौंड व मिनिटास २,५०० फेऱ्यांच्या सुमारास पंचवीस पौंडांहून अधिक दाब अपेक्षित असतो. ह्या ठिकाणी एक फसवणूक वारंवार होते. दाब धरून ठेवण्याचे काम वस्तुतः परतीच्या वाटेवरील झडपेचे आहे. तिची स्प्रिंग मऊ झाली की तेल सहज टाकीकडे परतते, दाब उतरतो, आणि दोष पुरवठा पंपावर येतो. पंप बदलूनही दाब वाढत नाही, तेव्हा झडपेकडे लक्ष जाते. क्रम उलटा असावयास हवा, कारण झडप स्वस्त आहे व ती काढणेही सोपे आहे.

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत व्हीपी ४४ हा विद्युत-नियंत्रित फिरता पंप आला, आणि पुरवठा पंपाच्या निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने ह्याच पंपाने ऐरणीवर आणला. त्यास वंगण केवळ इंधनाचेच, आणि त्याच्या माथ्यावरील नियंत्रक मंडलही इंधनानेच थंड राहते. त्याची परतीची झडप सुमारे चौदा पौंडांस उघडते आणि पुरवलेल्या तेलापैकी सुमारे सत्तर टक्के तेल पंपास थंडावा व वंगण देऊन टाकीत परत जाते. दाब ह्या मर्यादेखाली राहिला की परतीचा ओघ आटतो. एंजिन मात्र चालतच राहते. चालकास काही जाणवत नाही. काही काळाने गाडी अडखळू लागते, नियंत्रकात ०२१६ हा संकेतांक उमटतो, आणि तोवर अंतःक्षेपणाची वेळ साधणारा भाग झिजून गेलेला असतो. कारखान्याने बसविलेला विद्युत पुरवठा पंप एंजिनाच्या ठोकळ्यावर, टाकीपासून लांब व उष्ण जागी होता. त्याचे मंद पडणे हा ह्या गाड्यांच्या मालकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. भाराखाली दहा पौंडांच्या खाली दाब जाऊ न देणे हा येथील किमान नियम म्हणता येईल.

पंप टाकीजवळ का हवा, हे समजण्यास थोडे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. पंप तेल ‘ओढतो’ ही केवळ भाषेची सोय आहे. वस्तुतः तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो व वातावरणाचा दाब तेलास त्याच्याकडे ढकलतो. ढकलण्याचे बळ अशा रीतीने एका वातावरणापुरते मर्यादित आहे, आणि घाटमाथ्यावर ते आणखी घटते. पुढे दाबण्यास मात्र तशी मर्यादा नाही. ०.८४ घनतेचे डीझेल एक मीटर वर चढविण्यातच पाऱ्याच्या सुमारे ६२ मिलिमीटरांइतका दाब खर्च होतो. त्यात नळीचा विरोध, टाकीतील जाळीचा विरोध व पूर्वगाळणीचा विरोध मिळवावा. ह्या बेरजेने दाब फार उतरला तर तेलात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते, पंपाची क्षमता घटते आणि बुडबुडे दाबाच्या बाजूस फुटताना धातूवर आघात करतात. नळीच्या बाबतीत एक सुखद गोष्ट अशी की, प्रवाह संथ असता विरोध व्यासाच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आठ मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजी बारा मिलिमीटरची घातल्यास तो जवळजवळ एक-पंचमांश होतो. महाग पंप घेण्यापूर्वी जुनी अरुंद नळी व जोडांतील बारीक भोके पाहावीत, ते ह्याचसाठी.

मग शोषणाच्या बाजूस गाळणी हवीच कशाला, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे एक उत्तर कचरा हे आहे. रेती किंवा टाकीतील गंजाचा खपला पुरवठा पंपाच्या झडपेत अडकला तर पंप तेथेच थबकतो. परंतु अधिक महत्त्वाचे उत्तर पाणी हे आहे. टाकीतून येताना पाणी मोठ्या थेंबांच्या रूपात असते व ते सहज तळाशी बसते. पंपातून गेल्यावर त्याच थेंबांचे घुसळून बारीक पायस होते आणि मग ते वेगळे काढणे कठीण जाते. म्हणून पाणी विलग करणारी वाटी पंपाच्या आधी असणे युक्त. इंधनात जैव डीझेल मिसळलेले असेल तर पाणी तेलास अधिक बिलगून राहते, आणि ह्या वाटीचे महत्त्व वाढते. टाकीच्या तळाशी पाणी साचू दिले तर पाणी व तेल ह्यांच्या सीमेवर बुरशी वाढते व तिचा काळसर चिखल प्रथम पूर्वगाळणीतच येऊन बसतो.

ह्या दोन गरजा एकमेकींस काटतात. गाळणी बारीक केली तर विरोध वाढतो. ठेवली नाही तर पाणी व कचरा पंपात जातो. तोड अशी की, पूर्वगाळणी जाड ठेवावी, परंतु तिचे क्षेत्र मोठे घ्यावे, आणि बारीक गाळणे दाबाच्या बाजूस सोपवावे. रेकॉर ह्या प्रसिद्ध बनावटीची भरणे ३०, १० व २ मायक्रॉन अशा तीन प्रतींत मिळतात. त्यांपैकी ३० ची, फार तर १० ची, पंपापूर्वी योग्य होय. २ मायक्रॉनचे भरण शोषणाच्या बाजूस घालणे म्हणजे नवा पंप विकत घेऊन त्याचा गळा आवळणे. शिवाय मायक्रॉनचा आकडाही निरपेक्ष नाही. ‘नाममात्र’ १० मायक्रॉन म्हणजे त्या आकाराचे किती कण अडतात हे बनविणारा आपल्या मर्जीने ठरवितो. बीटा गुणोत्तर दिले असेल तरच तुलना करता येते. बीटा ७५ म्हणजे त्या व त्याहून मोठ्या आकाराच्या ७५ कणांपैकी एकच पार होतो, म्हणजे ९८.७ टक्के अडतात. वेष्टनावर बीटा नसेल तर दोन गाळण्यांचे आकडे शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही.

पंपाच्या वेष्टनावरील आकडाही असाच फसवा असतो. अमेरिकेत ह्या गाड्यांसाठी मिळणारे विद्युत पंप ताशी ९५ ते १६५ गॅलन, म्हणजे सुमारे ३६० ते ६२५ लिटर, अशा क्षमतांचे असतात. १५० किलोवॉट शक्ती देणारे एंजिन, दर किलोवॉट-तासास २२० ग्रॅम खर्च धरल्यास, ताशी ३३ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ३९ लिटर तेल जाळते. सत्तर टक्के परत जाते हे प्रमाण धरले तरी पंपाने १३० लिटर पुरविले म्हणजे भागते. मूळ शक्तीच्या गाडीस सर्वांत लहान पंपही त्यामुळे पुरून उरतो. मोठ्या पंपाने तेल अधिक फिरते, तापते, आणि अरुंद नळीतून तेवढे ओढताना शोषण-बाजूवरील ताण वाढतो. अर्थात वेष्टनावरील आकडा बहुधा विरोधरहित प्रवाहाचा असतो, हेही विसरता कामा नये.

इंधन स्वतःही बदलले आहे. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरील डीझेलातील गंधक दशलक्षांत १५ भागांवर आले. भारतात १ एप्रिल २०२० पासून ही मर्यादा १० आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत तेलाचा नैसर्गिक स्निग्धपणा घटतो. तो भरून काढणारी द्रव्ये शुद्धीकरणानंतर मिसळली जातात. जुन्या नायट्राइल रबराच्या कड्या मात्र पूर्वीच्या तेलात फुगून बसलेल्या असतात. नव्या तेलात त्या आकसतात. दाबाच्या बाजूस हे घडले तर तेल ठिबकते व दिसते. शोषणाच्या बाजूस तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की नळीतील तेल टाकीकडे उतरते, आणि सकाळी एंजिन बराच वेळ फिरवूनही सुरू होत नाही. मेस्त्री ह्यास ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात, आणि हे वर्णन अचूक आहे. पंपापूर्वी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली तर बुडबुडे डोळ्यांस दिसतात.

निवड करण्यापूर्वी म्हणून दोन मापे घ्यावीत : पूर्वगाळणी व पंप ह्यांच्यामध्ये शोषणाचे, आणि अंतःक्षेपण पंपाच्या तोंडाशी दाबाचे. दोन्ही मापे गाडी भरलेली असता, चढावर घ्यावीत. उभ्या गाडीचा आकडा निरुपयोगी. दट्ट्याच्या पंपावर मापकाचा काटा थरथरतो, तेव्हा मापकाआधी बारीक छिद्राची कळ घालावी. शोषण अधिक व दाब कमी आढळल्यास दोष मागे, म्हणजे नळीत, जाळीत किंवा गाळणीत असतो. शोषण बेताचे असून दाब कमी असेल तर परतीची झडप व पुढची गाळणी पाहावी. ती निर्दोष ठरल्यावरच पंप बदलण्याचा विचार. यांत्रिक पंपाऐवजी विद्युत पंप घालावयाचा झाल्यास तो टाकीजवळ व तेलाच्या पातळीखाली बसवावा, त्याची तार पुरेशी जाड असावी, आणि तिच्या वाटेवर ऑइलच्या दाबावर चालणारी कळ असावी. यांत्रिक पंप एंजिनाबरोबर आपोआप थांबतो. विद्युत पंप अपघातात नळी तुटली आणि एंजिन बंद पडले तरी, किल्ली चालू असेतोवर, रस्त्यावर डीझेल ओतीत राहतो.