भाऊबीजेचा रिकामा पाट

गेल्या महिन्यातलं व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या होत्या. त्यांचा भाऊ जाऊन चार वर्षं झाली. म्हणाल्या, "सर, एरवी मी बरी असते. कामाला जाते, हसते-बोलते. भाऊबीजेलाच काय होतं मला? तो तर परगावी राहायचा. वर्षातले बाकीचे दिवस तो माझ्या घरी नसायचाच की!" त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देऊन बघतो.

नेहमीचं उत्तर असं की सणाला आठवणी जाग्या होतात. ते खोटं नाही. नैयायिक म्हणतात, स्मृती संस्कारातून उपजते, आणि झोपलेल्या संस्काराला जागं करायला काहीतरी निमित्त लागतं, त्याला ते उद्बोधक म्हणतात. उटण्याचा वास आला, सोऱ्या खाली काढला, की भावंडं आठवतात. पण आठवण गोडही असते, आठवताना माणूस हसतोही. त्या बाईंना जे होत होतं ते निराळं होतं. "तो असा होता" हे स्मरण झालं. "तो इथे नाही" हे स्मरण नव्हे. ते आत्ताचं, समोरचं ज्ञान आहे. कशाचं ज्ञान? अभावाचं.

आता बघा, आपल्याकडे या 'नाही'वर शेकडो वर्षं वाद चालला. उदाहरण अगदी साधं : जमिनीवर घडा नाही. प्राभाकर मीमांसक म्हणतात, अभाव म्हणून वेगळं काही नसतंच, तिथे नुसती जमीन आहे, एवढंच. आपले नातेवाईकही पुष्कळदा प्राभाकर असतात बरं का! "अगं, इतर दिवसांसारखाच एक दिवस," असं म्हणतात ना, ते हेच. उलट न्याय-वैशेषिकांनी अभावाला पदार्थांच्या यादीत सातवं स्थान दिलं. आणि भाट्ट मीमांसकांनी तो कळण्यासाठी अनुपलब्धी नावाचं स्वतंत्र प्रमाणच मानलं. अनुपलब्धी म्हणजे न दिसणं, न सापडणं.

पण इथे एक अट आहे, आणि आपलं उत्तर त्या अटीत आहे. नुसतं दिसलं नाही म्हणून नाही, असं ठरत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणजे तो नाही असं थोडंच? पिशाच्च तर दिसणारी वस्तूच नव्हे, तेव्हा ते दिसलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. न दिसणं 'योग्य' असावं लागतं. म्हणजे, असता तर दिसलाच असता, अशी सगळी तयारी असावी लागते.

आषाढातल्या एखाद्या मंगळवारी परगावचा भाऊ घरात दिसला नाही, यातून काहीच कळत नाही. तो जिवंत असतानाही दिसत नव्हता. पण भाऊबीजेला पाट मांडलेला असतो, भोवती रांगोळी असते, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता तयार असतात. असता तर इथे, याच पाटावर, दिसलाच असता. मग तो नाही हे कळतं, आणि तेही पुराव्यानिशी कळतं. बाई, तुम्ही त्या दिवशी कमकुवत होत नाही. त्या दिवशी तुम्हाला स्पष्ट दिसतं.

आणखी एक. अभाव नेहमी कुणाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला प्रतियोगी म्हणतात. म्हणून चुलतभाऊ प्रेमानं येऊन पाटावर बसतो, त्याला ओवाळावंही, पण त्यानं ती जागा भरत नाही. पाट भरतो, अभाव तसाच राहतो. शिवाय नाशानंतरचा जो अभाव, प्रध्वंसाभाव, त्याची व्याख्याच अशी केली आहे की त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. "अजून किती दिवस?" असं विचारणाऱ्यांना हे सांगता येईल. अर्थात सांगून उपयोग होईल असं नाही.

मैत्रायणी संहितेत एक छोटी गोष्ट आहे. यम मेला. मरणारा तो पहिला. देवांनी त्याच्या बहिणीची, यमीची, समजूत घालायला सुरुवात केली. केव्हाही विचारलं तरी ती म्हणे, तो आज गेला. तेव्हा रात्र नव्हती, नुसता दिवसच होता, त्यामुळे प्रत्येक वेळी 'आज'च. म्हणून देवांनी रात्र निर्माण केली, मग उद्या आला, आणि ती त्याला विसरली. विसरली, हे मला पटत नाही. रात्रीमुळे फार तर 'आज गेला'चं 'काल गेला' झालं असेल. आणि पुढच्या परंपरेनं तरी कुठे विसरू दिलं? कार्तिक शुद्ध द्वितीयेला आपण यमद्वितीयाच म्हणतो. त्या दिवशी यम यमुनेकडे, म्हणजे बहिणीकडे, जेवायला जातो. मेलेला पहिला भाऊ आणि भाऊबीजेचा पहिला पाहुणा एकच!

आमचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा असताना घटसर्पानं गेला. मी तेव्हा सहा वर्षांचा, अक्का अकराची. घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही, हे न सांगताच ठरलं होतं. आईचं दुःख ते दुःख, भावंडांना कोण विचारतो? ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे तुम्हाला माहीत आहे. अक्काला तर मी होतो. तरी ती दर वर्षी तबक घेऊन आधी अंगणात जायची, चंद्राला ओवाळायची, मग आत येऊन मला. द्वितीयेची कोर लवकर मावळते, म्हणून तिची धांदल चालायची. मी पाटावर बसून भुकेनं वैतागायचो, "अक्का, लवकर ये गं!" म्हणून ओरडायचो.

लग्नानंतर तिच्या घरीही तेच. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. पुढे तत्त्वज्ञान शिकलो, शिकवलं, जमिनीवरचा घडा फळ्यावर कितीदा काढला असेल, तरी विचारलं नाही. अक्का गेली त्याला आता सहा वर्षं झाली. भाऊबीजेला संध्याकाळी मी गच्चीवर जातो. कोर दिसते का बघतो. ओवाळायचं कसं ते मला येत नाही, ते तिचं काम होतं. मी मावळेपर्यंत नुसता उभा राहतो.