दुकानातला दवाखाना आणि सरकारी नियम

किराणा घ्यायला गेलेल्या माणसाने त्याच दुकानाच्या कोपऱ्यात घसा दाखवावा, पंधरा मिनिटांत औषधाची चिठ्ठी घ्यावी आणि पिशवी उचलून घरी जावे, असा धंदा अमेरिकेत २००० सालापासून चालू आहे. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस व सेंट पॉल या जोडशहरांत ‘कब फूड्स’ नावाची किराणा दुकानांची साखळी आहे. तिच्या दुकानांत ‘क्विकमेडएक्स’ या कंपनीने अशी पहिली केंद्रे उघडली. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक रिक क्रीगर यांच्या मुलाचा घसा दुखत होता आणि साध्या तपासणीसाठी त्यांना दोन तास बसून राहावे लागले. त्यातून ही कल्पना निघाली असे सांगतात. पुढे कंपनीचे नाव ‘मिनिटक्लिनिक’ झाले आणि २००६ मध्ये ‘सीव्हीएस’ या औषध दुकानांच्या बड्या साखळीने ती विकत घेतली.

या केंद्रात डॉक्टर बसत नाही. नर्स प्रॅक्टिशनर बसते, म्हणजे जादा शिक्षण घेतलेली आणि औषध लिहून देण्याचा अधिकार असलेली परिचारिका. आजार मोजकेच पाहायचे: घसा, कान, लघवीची जळजळ, डोळे येणे, फ्लूची लस वगैरे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दराची पाटी. कोणत्या तपासणीला किती डॉलर हे भिंतीवर लिहिलेले असते. दुकानदाराला यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेत डॉक्टरकडे गेल्यावर बिल किती येईल हे आधी कळणे फार कठीण असते. तिथल्या रुग्णाला ही पाटी म्हणजे मोठी गोष्ट होती.

पीसवर काम करणाऱ्या कारागिराला हे चटकन समजेल. दवाखान्यात दोन तास गेले तर फी वेगळी आणि बुडालेली मजुरी वेगळी. आजार लहान असला की बरेचदा मजुरीचे नुकसानच फीपेक्षा जास्त होते. म्हणून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी उघडी असणारी ही केंद्रे चालली. मिनेसोटातील एका आरोग्य विम्याच्या नोंदी तपासून २००९ मध्ये ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कान, घसा आणि लघवीचा संसर्ग या तीन आजारांवर सरासरी खर्च दुकानातील केंद्रात ११० डॉलर, डॉक्टरच्या दवाखान्यात १६६ डॉलर आणि इस्पितळाच्या तातडीच्या विभागात ५७० डॉलर आला. उपचाराचा दर्जा दुकानात कमी होता असे त्या तीन आजारांपुरते तरी दिसले नाही.

डॉक्टरांचे आक्षेप

अशा धंद्याला विरोध होणारच होता आणि तो झाला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने २००७ मध्ये ठराव करून सरकारी यंत्रणांकडे मागणी केली की औषध दुकानांच्या साखळ्या आणि ही केंद्रे यांच्या संबंधांची चौकशी व्हावी. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००६ मध्येच लहान मुलांसाठी अशी केंद्रे नकोत असे जाहीर केले होते.

हे आक्षेप पोकळ होते असे म्हणता येणार नाही. वारंवार कान दुखणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने पाहिले तर त्यामागचे कारण कोणाच्या लक्षात येणार? घसा दाखवायला आलेल्या माणसाचा रक्तदाब, त्याचा मधुमेह नेहमीच्या डॉक्टरला माहीत असतो, दुकानातल्या बाईंना माहीत नसतो. आणि मुख्य आक्षेप असा की चिठ्ठी लिहिणारा व औषध विकणारा एकाच मालकाचे असतील तर गरज नसताना औषध लिहिले जाईल.

त्याचबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती उघडपणे कमी बोलली जात असे. सर्दी-खोकल्याचे सोपे रुग्ण हे साध्या डॉक्टरच्या गल्ल्याचा आधार असतात. पाच मिनिटांच्या या रुग्णांच्या जोरावर तो अवघड रुग्णाला अर्धा तास देऊ शकतो. सोपे रुग्ण दुकानाने ओढून नेले तर डॉक्टरकडे मेहनतीचे काम तेवढे उरते. ही अडचण खरी आहे, पण ती धंद्याची अडचण आहे. ती रुग्णाच्या सुरक्षिततेच्या नावावर मांडली गेली की नियम करणाऱ्याची कसोटी लागते.

मॅसॅच्युसेट्सची वाट

ती कसोटी मॅसॅच्युसेट्स राज्यात लागली. सीव्हीएसने २००७ मध्ये तेथे केंद्र उघडण्यासाठी अर्ज केला आणि दवाखान्यांसाठी असलेल्या जागेच्या व सोयींच्या काही अटींतून सूट मागितली. राज्याच्या आरोग्य खात्याने एकट्या कंपनीला सूट देण्याऐवजी सर्वांसाठी नवे नियम लिहायला घेतले. हे शहाणपणाचे झाले. सूट देऊन चालवलेला धंदा सूट देणाऱ्याच्या मर्जीवर राहतो आणि ती मर्जी मोठ्या साखळीला जशी मिळते तशी कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानदाराला मिळत नाही.

जानेवारी २००८ मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळाने नियम मंजूर केले. या केंद्रांना नाव दिले ‘मर्यादित सेवा दवाखाना’. नावाकडे लक्ष द्यावे. दवाखाना कोठे आहे हे त्या नावात नाही, तेथे काय काम होते एवढेच आहे. त्यामुळे इस्पितळाला किंवा वस्तीतील आरोग्य केंद्रालाही याच नियमांखाली असे केंद्र काढता येऊ लागले. अटी बऱ्याच आहेत. दोन वर्षांखालील मूल पाहायचे नाही. फ्लूखेरीज मुलांच्या नेहमीच्या लसी द्यायच्या नाहीत. ज्याला नेहमीचा डॉक्टर नाही त्याला जवळच्या डॉक्टरांची यादी द्यायची. ज्याला डॉक्टर आहे त्याच्या संमतीने उपचाराची नोंद त्या डॉक्टरकडे पाठवायची. एकच रुग्ण पुन्हापुन्हा येऊ लागला तर ते ओळखून आवर घालण्याची पद्धत ठरवून ठेवायची. डॉक्टरांच्या खऱ्या आक्षेपांपैकी बहुतेकांना येथे उत्तर आहे, आणि धंदाही बंद पडलेला नाही.

बॉस्टनचे तेव्हाचे महापौर थॉमस मेनिनो यांना हे मुळीच पटले नाही. आजाऱ्यांवर दुकानदारांनी पैसा करावा हे गैर आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. खासगी दवाखाने, औषध कंपन्या आणि विमा कंपन्या आजाऱ्यांवर पैसा करत नव्हत्या काय, असा प्रश्न येथे कोणाही व्यापाऱ्याच्या मनात येईल. नफा हा दुकानदाराने घेतला की पाप आणि पांढऱ्या कोटाने घेतला की सेवा, हा हिशेब काही जुळत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या मसुद्यात एक कलम असे होते की केंद्राने जाहिरात करण्यापूर्वी ती आरोग्य खात्याकडून मंजूर करून घ्यावी. व्यापारात निकोप स्पर्धा राहावी म्हणून असलेल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २००७ मध्ये पत्र लिहून हे कलम गाळण्याची शिफारस केली. खोट्या जाहिरातीला शिक्षा करण्याचे कायदे आधीच आहेत. खरी जाहिरात अडवून ग्राहकाचेच नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे.

सिगारेटचा प्रश्न

इलिनॉय राज्यात २००८ मध्ये आलेले विधेयक याहून कडक होते. ज्या दुकानात तंबाखू किंवा दारू विकली जाते तेथे असे केंद्र नको, अशी त्यात एक तरतूद होती. जाहिरातीवरही बंधने होती. ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी मे २००८ मध्ये यावरही पत्र पाठवले आणि स्पर्धेला बाधा येईल असे कळवले. विधेयकाचा कायदा झाला नाही.

सिगारेटच्या बाबतीत मात्र विरोधकांच्या म्हणण्यात दम होता. एका काउंटरवर खोकल्याचे औषध आणि दुसऱ्यावर सिगारेटचे पाकीट, हे कोणाही भल्या माणसाला खटकणारच. पण मग खोकल्याचे औषध विकणाऱ्या प्रत्येक औषध दुकानाला तोच नियम हवा, तेथे परिचारिका बसो वा न बसो. बॉस्टन शहराने शेवटी हेच केले. डिसेंबर २००८ मध्ये शहराच्या आरोग्य मंडळाने सर्वच औषध दुकानांत तंबाखू विक्रीला बंदी घातली. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच वर्षी असा नियम केला होता. सीव्हीएसने २०१४ मध्ये आपल्या सर्व दुकानांतून सिगारेट काढून टाकली. वाईट वस्तूवर बंदी घातली की ती सर्वांना सारखी लागते. एखाद्या प्रकारच्या दुकानावर घातली की शेजारचा सुटतो.

दुकानासाठी वेगळा नियम जेथे खरोखर लागतो ती जागा म्हणजे भाडे. दुकानदार आपल्या जागेचा कोपरा दवाखान्याला देतो आणि तेथून निघालेली चिठ्ठी त्याच्याच काउंटरवर येते. भाडे जर चिठ्ठ्यांच्या संख्येवर वर-खाली होऊ लागले तर ते भाडे नाही, दलाली आहे. सरकारी योजनांच्या रुग्णांबाबत अमेरिकेत यासाठी दलालीविरोधी कायदा आहे. त्यातून सुरक्षित राहायचे असेल तर भाडेकरार लेखी हवा, किमान एक वर्षाचा हवा, रक्कम आधी ठरलेली आणि बाजारभावाला धरून हवी, आणि किती रुग्ण पाठवले याच्याशी तिचा संबंध नसावा.

या केंद्रांनी एकूण खर्च कमी केला काय? २०१६ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचे उत्तर नकारार्थी आहे. किरकोळ आजारांसाठी झालेल्या भेटींपैकी ५८ टक्के भेटी नव्याच होत्या, म्हणजे केंद्र नसते तर ते लोक घरीच बरे झाले असते. परिणामी माणशी वर्षाला १४ डॉलर खर्च वाढला. स्वस्त आणि जवळ मिळाले की गिऱ्हाईक जास्त घेते, हे कापड दुकानदाराला कोणी शिकवायला नको. यात विम्याचे पैसे गेले हे खरे, पण त्या ५८ टक्क्यांत कोणी दुखणे अंगावर काढणारा गरीबही असेल. त्याची भेट वाया गेली असे धरून चालणे बरोबर नव्हे.

आणि केंद्र काढले म्हणजे फायदा झालाच असेही नाही. ‘वॉलमार्ट’ने २०१९ मध्ये जॉर्जिया राज्यातून मोठी आरोग्य केंद्रे उघडायला सुरुवात केली. तेथे डॉक्टर होते, दातांचे उपचार होते, एक्स-रे होता. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने पाच राज्यांतील सर्व ५१ केंद्रे बंद करण्याचे जाहीर केले. खर्च वाढता आणि विम्याकडून मिळणारे पैसे अपुरे, असे कारण दिले. जगातील सर्वांत मोठ्या दुकानदाराला जे जमले नाही ते परिचारिका, मोजके आजार आणि दराची पाटी एवढ्यावर चालणाऱ्या केंद्रांनी वर्षानुवर्षे चालवले आहे.

आपल्याकडे

आपल्या मोहल्ल्यांत मेडिकल स्टोअरला लागून असलेल्या खोलीत संध्याकाळी डॉक्टर बसतात, हे वाचकांना नवीन नाही. त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रातील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागांसाठी आहे, आणि केंद्राचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. मात्र डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे तिने मना केले आहे. डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषध विकण्याचे खुले दुकान चालवणेही मना आहे. स्वतःच्या रुग्णाला औषध देता येते.

म्हणून डॉक्टरला गाळ्यातील जागा देणाऱ्या मेडिकलवाल्या बांधवांनी करार लेखी करावा, भाडे महिन्याचे ठरावीक ठेवावे, पावती बँकेतून व्हावी. ‘चिठ्ठी आमच्याकडेच आणा’ असा आग्रह डॉक्टरच्या खोलीतून होऊ देऊ नये. लाकडी पार्टिशन टाकण्यापूर्वी टेप घेऊन मोजमापही करावे: औषधांच्या किरकोळ विक्रीचा परवाना किमान १० चौरस मीटर जागेवर मिळतो. डॉक्टरची खोली काढून दुकानाकडे त्याहून कमी जागा उरली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकासमोर उत्तर परवानाधारकाला द्यावे लागते, डॉक्टरला नाही.