जलजीवालयातील हरिता

जलजीवालयातील हरिता : शेवाळी (ब्रायोफायटा) विभागातील हरिता वर्गाच्या (मॉस) ज्या जाती पाण्यात बुडून राहूनही वाढतात, त्यांची लागवड घरगुती जलजीवालयात (काचेच्या मत्स्यपेटीत) शोभेसाठी, तसेच माशांची अंडी व पिले यांना आसरा मिळावा म्हणून करतात. घाटाच्या पायऱ्यांवरील बुळबुळीत थर आणि पावसाळ्यात भिंतीवर येणारी मखमली वाढ या दोहोंस व्यवहारात ‘शेवाळ’ असेच म्हणतात. तथापि पहिला थर बहुधा शैवलांचा, तर दुसरी वाढ हरितेची असते. मत्स्यपेटीत हा भेद महत्त्वाचा आहे. कारण तेथे शैवल हे हरितेचे प्रतिस्पर्धी असते. ‘मॉस बॉल’ या नावाने विकला जाणारा हिरवा गोळाही शैवलच होय.

हरितेस खरी मुळे व वाहक ऊतक नसतात. पाने बहुधा एका कोशिकेइतक्याच जाडीची असल्याने पाणी व लवणे सर्व पृष्ठभागातून शोषली जातात. केसासारखी मूलाभे केवळ आधारास चिकटण्याचे काम करतात. त्यामुळे हरितेस माती वा खत घातलेला तळ लागत नाही. मात्र पाण्यातील विषारी द्रव्येही तितक्याच सहजपणे तिच्यात शिरतात. तिची निगा मुख्यतः या एका गोष्टीवर अवलंबून असते.

सर्वाधिक प्रचारातील जाती म्हणजे आग्नेय आशियातील ‘जावा मॉस’ (टॅक्सिफायलम बार्बिएरी) होय. व्हेसिक्युलॅरिया प्रजातीतील ‘ख्रिसमस मॉस’ आणि थंड पाण्यातील फाँटिनॅलिस याही जाती लावतात. रिक्सिया फ्लुइटान्स ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती हरिता नसून यकृतका आहे.

लागवडीसाठी हरितेचे लहान तुकडे दगडावर वा पाण्यात मुरलेल्या लाकडावर पातळ पसरून सुती दोऱ्याने बांधतात. थर जाड झाल्यास खालचा भाग प्रकाशाअभावी कुजतो. काही आठवड्यांत मूलाभे धरतात आणि दोरा कुजून जातो. पाण्याखाली बीजुकधारी पिढी क्वचितच दिसते. प्रसार तुकड्यांपासूनच होतो. रोज ६ ते ८ तास मध्यम प्रकाश पुरतो. थेट ऊन लागल्यास शैवल माजते. तापमान २०° ते २६° से. असावे. आठवड्यातून एकदा सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे, पानांत अडकलेला गाळ हलकेच झटकावा आणि वाढ कात्रीने छाटावी.

नासिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरीकाठच्या सायखेडा परिसरात, हरिता वाढविणाऱ्यास काही अडचणी येतात. उन्हाळ्यात पेटीतील पाणी ३०° से.च्या वर गेल्यास हरिता तपकिरी पडते. अशा वेळी पेटी घराच्या आतील थंड भागात ठेवून झाकण काढावे, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी निवते. याच तालुक्यात हिवाळ्यात काही वर्षी पारा ५° से.च्याही खाली उतरतो. जावा मॉस गारवा बऱ्यापैकी सोसते, मात्र उष्ण कटिबंधातील मासे सोसत नाहीत. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी कठीण असते व त्यातील चुना पानांवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने साचतो. पहिल्या सरी सोडून धरलेले पावसाचे पाणी त्यात मिसळल्यास हा दोष कमी होतो. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवल्याने त्यातील मुक्त क्लोरीन उडून जातो.

याहून गंभीर धोका तांब्याचा आहे. हा द्राक्षबागांचा प्रदेश असून केवडा रोगावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. तांब्याचे अत्यल्प प्रमाणही हरितेस, तसेच झिंगे व गोगलगायी यांना मारक ठरते. म्हणून फवारणीच्या टाकीतील वा बागेतील हौदातील पाणी, तसेच त्या कामाच्या बादल्या पेटीसाठी कधीही वापरू नयेत. शैवलनाशक म्हणून मिळणाऱ्या काही औषधांतही तांबे असते. त्यांनी शैवलाबरोबर हरिताही मरते. शैवल हटविण्यास प्रकाश कमी करणे व माशांना बेताचे खाद्य देणे हाच सुरक्षित उपाय होय.

छाटलेली हरिता वा पेटीतील पाणी नदीत, ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नये. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी (पानवेल) भारतात शोभेची वनस्पती म्हणूनच आली आणि आज गोदावरीच्या पात्रात तिचे ताटवे पुलांशी अडकतात. २०१६ व २०१९ च्या पुरांत सायखेडा व चांदोरी ही गावे जलमय झाली होती. अशा वेळी काठावर टाकलेली वनस्पती दूरवर पसरू शकते. प्रवाहाच्या खालच्या अंगास नांदूर मधमेश्वर हे पक्षी अभयारण्य असून, महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ते २०२० मध्ये जाहीर झाले. वनस्पतीबरोबर अन्य जीवही येतात : २०२१ मध्ये अमेरिकेत विक्रीच्या ‘मॉस बॉल’मध्ये उपद्रवी झेब्रा शिंपले आढळले होते. नवी हरिता त्यामुळे काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून, धुऊन मगच पेटीत लावतात. नको असलेली हरिता उन्हात पूर्ण वाळवून नंतरच कुंडीतील मातीत मिसळावी.